नागपूर नक्की कुठं आहे?

परवा रात्री जेवताना टीव्हीवर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागला होता. खुर्चीवर बसलेला गडी तिशीतला, चांगला तयारीचा. सिनेमा, क्रिकेट, राज्यघटना, पुराण, सगळ्याची उत्तरं धडाधड देत वर आलेला. मग प्रश्न आला. पुढीलपैकी सर्वांत पूर्वेला कोणतं शहर आहे? दिल्ली, भोपाळ, बेंगळुरू, नागपूर.

गडी थांबला. घोटभर पाणी प्याला. वर बघितलं, खाली बघितलं. शेवटी प्रेक्षकांचा कौल घेतला. पडद्यावर चार पट्ट्या आल्या आणि चारही जवळपास सारख्याच उंचीच्या. म्हणजे समोर बसलेल्या सगळ्या मंडळींनी मिळून त्याला सांगितलं, "बाबा रे, आम्हालाही माहीत नाही."

आमच्या घरात हशा. "एवढं पण येत नाही? आणि निघालाय करोडपती व्हायला!" हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडं ते मी म्हणालो. मग उत्तर यायच्या आत मी सगळ्यांना विचारलं, तुम्ही सांगा. मुलगा म्हणाला दिल्ली. बायको म्हणाली भोपाळ. आई म्हणाली, "मला काय विचारतोस, तूच सांग." मी छाती काढून म्हणालो, बेंगळुरू.

उत्तर होतं नागपूर.

महाराष्ट्रातलं शहर. आपली उपराजधानी. दरवर्षी तिथं हिवाळी अधिवेशन भरतं आणि तिथली संत्री आपण दारात घेतो. ते दिल्लीच्या, भोपाळच्या आणि बेंगळुरूच्याही पूर्वेला आहे, आणि थोडंथोडकं नाही, चांगलं दीड-दोन रेखांशानं. पण आपल्या डोक्यातल्या नकाशात दिल्ली म्हणजे वर मध्यभागी, बेंगळुरू म्हणजे खाली कुठंतरी, आणि नागपूर? ते "तिकडं विदर्भात". महाराष्ट्र पश्चिमेला आहे, मग नागपूरही पश्चिमेलाच असणार, असा आपला हिशेब.

हसणं बंद झालं आणि जेवणं गपचूप उरकली. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

आधी त्या स्पर्धकाची बाजू घेतो. २००० साली हा खेळ आपल्याकडं हिंदीतून आला, आणि पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी मुलगा, हर्षवर्धन नवाथे. त्यानंतर जनरल नॉलेजची पुस्तकं घरोघरी आली. पुढं मराठीतही हा कार्यक्रम आला. इतक्या वर्षांत बघणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. सिनेमाचा प्रश्न आला की स्पर्धक हसतो, क्रिकेटचा आला की सावरून बसतो, आणि नकाशाचा आला की कपाळाला घाम येतो. "उत्तरेकडून दक्षिणेकडं क्रम लावा" म्हटलं की चांगले शिकलेले लोक चाचपडतात.

याचं कारण अगदी साधं आहे. इतर प्रश्नांत एक नाव आठवलं की काम झालं. अमुक सिनेमाचा दिग्दर्शक कोण, एक नाव. अमुक साली विश्वचषक कुणी जिंकला, एक नाव. भूगोलाच्या प्रश्नात मात्र डोळ्यासमोर चित्र यावं लागतं. चार शहरं एका कागदावर मांडून बघावी लागतात. आपल्यापैकी बहुतेकांनी भूगोल पाठ केलाय, बघितलेला नाही. गोदावरीचा उगम? त्र्यंबकेश्वर. लांबी? १४६५ किलोमीटर. मिळते कुठं? बंगालच्या उपसागराला. फाडफाड उत्तर. पण त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र ऐंशी-एक किलोमीटरवर असताना ही बाई एवढा वळसा घालून पलीकडच्या समुद्राला का जाते, असं विचारलं की वर्ग शांत.

तेच तुम्हाला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये दिसेल. जिल्ह्यांची आद्याक्षरं जुळवून वाक्य करायचं आणि ते पाठ करायचं. "ट्रिक" म्हणतात त्याला. मुलांचा दोष नाही, मिनिटाला प्रश्न सोडवायचा असतो. पण त्या वाक्यात कुठला जिल्हा कुणाच्या शेजारी आहे, हे कधीच कळत नाही.

आता शाळेचं बघू. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० मार्क, भूगोल ४० मार्क. गणित-विज्ञानाला क्लास, इंग्रजीला क्लास, भूगोल आदल्या दिवशी. नकाशात खुणा भरायच्या, तो आराखडा पुरवणीबरोबर दोऱ्यानं बांधायचा आणि विसरून जायचं. पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. उलट सध्याचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक बघा, भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून सगळी तुलना केलीय. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला मनापासून नमस्कार. पण पोरं वाचतात गाईड. आणि गाईडमध्ये ब्राझील म्हणजे "कारणे द्या"ची सात उत्तरं.

२०२० आठवतंय का? मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू होती. सगळे पेपर झाले आणि एकच राहिला होता, २३ मार्चचा भूगोल. कोरोनामुळं तो आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क दिले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. मला आठवतो तो आपला सगळ्यांचा प्रतिसाद. पोरांनी उड्या मारल्या ते ठीक. आपण मोठ्यांनीही काय म्हटलं? "चला, भूगोलच होता. सुटला एकदाचा." गणिताचा पेपर रद्द झाला असता तर असं म्हटलं असतं का? भूगोलाची आपल्या लेखी काय किंमत आहे, ते त्या एका वाक्यात आलं.

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? खिशात मोबाइल आहे. नागपूर कुठं आहे ते दोन सेकंदात कळतं.

कळतं की. पण मोबाइलचा नकाशा तुम्हाला कुठं आहात ते सांगत नाही, कुठं वळायचं ते सांगतो. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." आपण वळतो. गाडी फिरली की नकाशाही फिरतो, त्यामुळं उत्तर कुठली आणि दक्षिण कुठली हा विचारच करावा लागत नाही. आपण कायम मधोमध, एक निळा ठिपका, आणि जग आपल्याभोवती फिरतंय. लहानपणी एसटीच्या कपाळावरची पाटी वाचत वाचत आम्ही अर्धा महाराष्ट्र शिकलो. मिरज-पंढरपूर म्हणजे वाटेत काय काय लागतं, हे खिडकीला नाक लावून पाठ झालं होतं. आज पोरगं मागच्या सीटवर मोबाइलमध्ये मान घालून कोल्हापूरहून पुण्याला जातं. वाटेत कराड लागलं की सातारा, त्याला पत्ता नसतो. बापालाही नसतो, कारण तो बाईचं ऐकत चाललाय. मोबाइलमधल्या बाईचं.

इथपर्यंत गमतीचं झालं. आता जे खरं सांगायचंय ते सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. आपल्या भागात कुणाला आठवण करून द्यायची गरज नाही. सांगलीत आयर्विन पुलाखाली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

माझे एक मामा शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात राहतात. शिक्षण सातवी. त्या आठवड्यात त्यांच्या गावात एके दिवशी पावसानं जरा उघडीप दिली होती. शेजारचा तरुण पोरगा, हातात चांगला मोबाइल, म्हणाला, "मामा, पाऊस थांबलाय, पाणी उतरंल आता." मामांनी ऐकलं नाही. त्यांनी सकाळी रेडिओवर तीन नावं ऐकली होती. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर. तिन्हीकडं पाऊस धो धो चालूच. मामा म्हणाले, "आपल्या दारातल्या पावसाचा पूर येत नाही बाबा. वरच्या पावसाचा येतो." मग त्यांनी बोटावर हिशेब केला. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येणार. तिथनं सांगली. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळणार, म्हणजे चांदोलीचं पाणी आलंच. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येणार, म्हणजे राधानगरीचे दरवाजे उघडले की तेही आपल्याच अंगावर. "चारी पावणे एकाच येळंला आपल्या घरी," असं म्हणाले आणि जनावरं, धान्याची पोती, कागदपत्रांची पेटी घेऊन माळावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यात पाणी होतं. शेजारचं घर बोटीनं बाहेर काढावं लागलं. माणसं वाचली, म्हशी गेल्या.

मामांना टीव्हीवर बसवलं आणि पनामा कालवा कुठल्या दोन महासागरांना जोडतो असं विचारलं तर ते पहिल्याच प्रश्नाला बाहेर पडतील. पण त्यांना त्यांचा भूगोल येत होता. त्या पोराला गूगल येत होतं, आणि गूगलला नेमकं काय विचारायचं हे त्याला माहीत नव्हतं. मोबाइल उत्तर देतो, पण प्रश्न पडायला डोक्यात नकाशा लागतो.

त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं आठवा. "कोयनेतून एक लाख क्युसेक सोडलं, सांगली बुडणार!" आपण सगळे पुढं ढकलत होतो. क्युसेक म्हणजे काय? दर सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे? शंभर कोटी घनफूट. लिटरात सांगायचं तर २,८०० कोटींच्या वर. एक लाख क्युसेक चोवीस तास अखंड सोडलं तर साधारण साडेआठ टीएमसी पाणी खाली येतं. कोयना धरणाची एकूण क्षमता १०५ टीएमसी. एवढी तीन-चार वाक्यं डोक्यात असली की बातमी वाचून माणूस घाबरत नाही आणि गाफीलही राहत नाही. हे कुणी शिकवलं आपल्याला? आपल्याला कोयना म्हटलं की "महाराष्ट्राची भाग्यरेषा" हे एका मार्काचं उत्तर आठवतं.

कोयनेचंच अजून एक बघा. कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी पूर्वेला जाणारं. पण वीज तयार करण्यासाठी धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडं उतरवतात. ते जातं पोफळीकडून वाशिष्ठीत, चिपळूणला, आणि तिथून अरबी समुद्रात. एकाच धरणाचं काही पाणी एका समुद्राला, काही दुसऱ्या. कोयनेचं पाणी कुणाला किती, यावर बोलायचं असेल तर सुरुवात इथून करावी लागते. किती जण करतात?

अलमट्टीचा वाद घ्या. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचीय. आपल्याकडं मोर्चे निघतात, बैठका होतात. त्या वाढीनं आपल्याकडं पूर किती वाढेल, हा वाद मी इथं फेसबुकवर सोडवणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण बोलणाऱ्याला एवढं तरी ठाऊक हवं की हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे आहेत, आणि आपलं गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे. चौकात दहा जणांना विचारा. भाषण सगळे करतील, उंची एकही सांगणार नाही. मग जो नेता मोठ्यानं बोलेल तो खरा ठरतो. भूगोल न येण्याची ही खरी किंमत आहे. टीव्हीवर माणूस पंचवीस लाखांवरून खाली येतो, ते परवडलं.

एकाच जिल्ह्याचं उदाहरण द्यायचं तर आपला सांगली जिल्हा. पश्चिमेला शिराळ्यात पाऊस आवरत नाही, पूर्वेला जत-आटपाडीत ढग फिरकत नाहीत. एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला टँकर, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडं पर्जन्यछायेचा प्रदेश, हे सहावी-सातवीत पाठ केलं होतं. पण म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजना का आहेत, कृष्णेचं पाणी विजेवर उचलून पूर्वेला चढवत का न्यावं लागतं, वीजबिलाचा प्रश्न दर वर्षी का येतो, हे सगळं त्या एका "पर्जन्यछाया" शब्दात आहे, असं कुठल्या गुरुजींनी सांगितलं होतं? काहींनी सांगितलं असेल. ते विद्यार्थी नशीबवान.

आता पैशाचं बोलतो, म्हणजे लक्ष जाईल. माझ्या एका मित्रानं काही वर्षांपूर्वी प्लॉट घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश. उताऱ्यावर नाव, रस्ता समोर, सगळं चांगलं. त्यानं एकच गोष्ट विचारली नाही. इथून पाणी कुठं जातं? शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की इथं पूर्वी नाला होता, मुरूम टाकून बुजवलाय. पहिल्याच मोठ्या पावसाळ्यात नाला आपल्या जुन्या वाटेनं परत आला आणि मित्राच्या हॉलमधून गेला. पाटबंधारे खातं नद्यांच्या पूररेषा आखतं. निळी रेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आयुष्यभराची कमाई जमिनीत घालताना या दोन रेषा बघितलेली माणसं मला फार कमी भेटली. वास्तुशास्त्रवाल्याला मात्र सगळे बोलावतात. त्याला पूर्व कुठली ते बरोबर माहीत असतं!

आपल्या जुन्या माणसांनी जमिनीलाच नावं देऊन ठेवली होती. नदीकाठची गाळाची ती मळी, उंचावरचा तो माळ. मळीत पिकवायचं आणि माळावर राहायचं. नावातच सूचना होती. आपण मळीत अपार्टमेंट बांधलं आणि त्याला नाव दिलं "रिव्हर व्ह्यू". आता रिव्हर खरंच घरात येऊन व्ह्यू देते.

डोंगराकडं बघितलं तर अजून अवघड आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिथल्या लोकांना भूगोल येत नव्हता असं मी चुकूनही म्हणणार नाही, त्या गावांनी पिढ्यान् पिढ्या तो डोंगर वाचला होता. कुठल्या उतारावर धोका आहे याचे नकाशे करणं आणि वेळेत माणसं हलवणं हे शासनाचं काम. पण नकाशा मागायला तो मागायचा असतो हे कळलेले नागरिक लागतात. आपण रस्त्याचं डांबर मागतो, हायमास्ट मागतो. नकाशा कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि एक. टीव्हीवरच्या त्या स्पर्धकांना हसताना, विशेषतः गावाकडून आलेल्या बायकांना हसताना, जरा थांबा. भूगोल फिरल्यानं येतो. जिला माहेर ते सासर आणि सासर ते दवाखाना एवढाच प्रवास वाट्याला आला, तिला तुम्ही विचारणार कोणतं शहर पूर्वेला? उलट बघा, आपल्याच विट्या-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या घरी जा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ही माणसं देशभर पसरलीत. त्या घरातली बाई शाळा चौथी शिकलेली असेल, पण कोइमतूरला कुठल्या गाडीनं जायचं, ती गाडी कुठून फिरून जाते, तिकडं पाऊस कोणत्या महिन्यात पडतो, हे ती भाजी निवडता निवडता सांगेल. मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाणारा धनगर, बीडहून आपल्या कारखान्यांना येणारा ऊसतोड कामगार, गुजरात ते तामिळनाडू ट्रक हाकणारा ड्रायव्हर, यांचा नकाशा पायात आणि चाकात असतो. ही माणसं आपल्याला अडाणी वाटतात, आणि आपण बेंगळुरू नागपूरच्या पूर्वेला नेऊन ठेवतो.

आपल्याला नावांचं मात्र भारी. शहराचं नाव बदलावं की नाही, यावर आपण रात्रभर कमेंटा टाकतो. दोन्ही बाजूंनी. मी त्या वादात पडत नाही. फक्त गंमत म्हणून एकदा माझ्या मित्रांच्या ग्रुपवर, असाच कडाक्याचा वाद चालू असताना, महाराष्ट्राचा कोरा नकाशा टाकला आणि म्हटलं, ज्या जिल्ह्यासाठी भांडताय तो जिल्हा यात दाखवा. दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. मग एकानं "गुड नाईट" टाकलं.

नुसती टीका करून थांबत नाही. चार साध्या गोष्टी सुचवतो, बिनपैशाच्या किंवा अगदी थोड्या पैशाच्या.

पहिली, टीव्हीवाल्यांसाठी. भूगोलाचा प्रश्न झाला की उत्तर हिरवं करून पुढं पळू नका. दहा सेकंद नकाशा दाखवा. हे दिल्ली, हे भोपाळ, हे नागपूर. एवढी मोठी स्क्रीन, एवढी रोषणाई, त्यात एक नकाशा मावेल. त्या दहा सेकंदांत जेवढे लोक शिकतील तेवढे आख्ख्या वर्षात शाळेत शिकणार नाहीत, कारण त्या क्षणी सगळ्यांना उत्तर हवं असतं.

दुसरी, ग्रामपंचायतीसाठी आणि नगरसेवकांसाठी. गावाचा नकाशा चावडीवर लावा. ओढे, नाले, विहिरी, उंचवटे आणि नदीकाठचं गाव असेल तर दोन्ही पूररेषा. वाढदिवसाच्या फ्लेक्सला जेवढा खर्च येतो तेवढ्यात होतं. आणि तो फ्लेक्स वाऱ्यानं फाटला तर निदान लोकांना वाईट तरी वाटेल.

तिसरी, शिक्षकांसाठी. तुमच्यावर कामांचा किती बोजा आहे ते मला माहीत आहे, म्हणून एकच तास मागतो. वर्षातून एक दिवस पोरांना घेऊन गावचा ओढा चालत जा, तो जिथं नदीला मिळतो तिथपर्यंत. तिसरीच्या पोरांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. तो पुस्तकातून शिकवाच, पण पायाखालीही दाखवा.

चौथी, घरासाठी. टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर महाराष्ट्राचा एक आणि भारताचा एक नकाशा लावा. बातमीत गावाचं नाव आलं की पोराला म्हणा, जा, बोट ठेव. पूर्वी आपण "नाव, गाव, फळ, फूल" खेळायचो. "गाव" आलं की ज्याला आडवं-तिडवं गाव माहीत असेल त्याला दहा मार्क. तेवढंच परत सुरू करा, फक्त एक नियम वाढवा. गाव नुसतं लिहायचं नाही, नकाशावर दाखवायचं.

आमच्याकडं त्या रात्रीनंतर दोन्ही नकाशे लागलेत. मुलानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "बाबा, पणजी पुण्याच्या पूर्वेला की पश्चिमेला?" मी ठामपणे म्हणालो, पश्चिमेला, समुद्रावर आहे ना ती. त्यानं पट्टी लावून दाखवलं. पणजी पुण्याच्या जवळजवळ सरळ खाली आहे. किनारा खाली जाताना पूर्वेकडं सरकत जातो, हे मी पन्नाशीत बघितलं. दोन दिवसांत दोनदा तोंडावर पडलो, पण खरं सांगतो, मजा आली.

आता तुमच्यासाठी प्रश्न. लाइफलाइन नाही, गूगल नाही. तुमच्या अंगणात किंवा सोसायटीच्या गेटसमोर पडलेलं पावसाचं पाणी शेवटी कुठं जातं?

माझं उत्तर मी काढलंय, त्याला एक संध्याकाळ आणि दोन म्हाताऱ्या माणसांची मदत लागली. आमच्या गल्लीतलं पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून कृष्णेत. मग नरसोबाची वाडी, पुढं कर्नाटकात अलमट्टी आणि नारायणपूर, मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. माझ्या दारातल्या गटारात टाकलेली प्लास्टिकची पिशवी केवढा प्रवास करू शकते, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तुमच्या दारातलं पाणी कुठं जातं, ते कमेंटमध्ये लिहा. नाही सांगता आलं तर लाजू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि उद्या लिहा. पावसाळा काय, दर वर्षी येतोच.